आधी दर, मग काम
वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

मागच्या अंकात उन्हाळी सुट्टीतल्या कमाईबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. पत्रं आली ती बहुतेक विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींची, काही आईवडिलांची. नव्या वाचकांसाठी सांगते, बडोद्यातल्या दांडिया बझारात माझं मराठी-गुजराती टंकनाचं आणि भाषांतराचं छोटं कार्यालय आहे आणि दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं माझ्याकडे काम करतात. म्हणजे हा विषय मला काम देणाऱ्याच्या खुर्चीतून दिसतो.

बहुतेक पत्रांत कामाबद्दल भरपूर आहे आणि पैशाबद्दल जवळजवळ काहीच नाही. 'ओळखीतले आहेत, किती मागू?', 'काका देतील ते घेईन', 'आधी काम दाखवते, मग बघू'. बडोद्यातल्या मराठी घरांत कोण कोणाच्या नात्यातलं निघेल सांगता येत नाही, म्हणून ही भीड आपल्याकडे जरा जास्तच. मला ती मुलांच्या मुळावर येताना दिसते. कोणाचंच नाव छापलेलं नाही.

प्रश्न : मावशी, मी एस.वाय. बी.कॉम.ला आहे. आईचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक आणि दुपारची तिची औषधं माझ्याकडे आहेत. दिवसभराची नोकरी जमणार नाही. कॉलेज उघडेपर्यंत दहा हजार रुपये मिळाले तर लॅपटॉपची दुरुस्ती आणि पुस्तकं निघतील. घरून करण्यासारखं काही आहे का? — एक विद्यार्थिनी, मांजलपूर

उत्तर : घरून करायची कामं आहेत, पण मोबाइलवर शोधायला बसण्याआधी तुला काय येतं ते बघ. तू कॉमर्सची आहेस. सी.ए. आणि करसल्लागारांच्या कार्यालयांत महिन्याच्या ११ तारखेला आणि २० तारखेला जीएसटीच्या विवरणपत्रांची घाई असते. नोकरदारांचा पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे 'फॉर्म १६', जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो आणि त्यांची आयकराची विवरणपत्रं जुलैअखेर भरायची असतात. म्हणजे तुझी सुट्टी असते तेव्हाच त्यांच्याकडे बिलांचे गठ्ठे पडलेले असतात. बिलं तारखेप्रमाणे लावणं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणं, बँकेच्या स्टेटमेंटशी मेळ घालणं ही कामं दिवसातले तीन तास देऊनही होतात. पूर्ण वेळ माणूस ठेवणं छोट्या कार्यालयांना परवडत नाही, पण महिन्याचे मधले दहा-पंधरा दिवस कोणी आलं तर त्यांना हवंच असतं.

मांजलपुरातच अशी कार्यालयं आहेत, अलकापुरीपर्यंत जायची गरज नाही. स्वतः जा, संध्याकाळी जा. 'काही काम आहे का?' असं विचारू नकोस. 'मला टॅली येतं, दुपारी ४ ते ७ येऊ शकते, ५ तारखेपासून २० तारखेपर्यंत नक्की' असं सांग. ज्याला वेळ नक्की माहीत असते त्याच्यावर काम टाकायला माणूस धजावतो. मी स्वतः मुलं निवडताना हेच पाहते. हुशारी नंतर दिसते, वेळेचा शब्द पहिल्याच आठवड्यात दिसतो.

दर तासावर माग, नोंदीवर नको. नोंदीवर काम घेतलंस तर चुरगळलेली, अर्धवट, हाताने लिहिलेली बिलं उलगडण्यात गेलेला वेळ कोणीच मोजत नाही. सवय झाली, बिलं साफ यायला लागली, की मग नोंदीचा दर फायद्याचा ठरतो. तेव्हा काही काम घरी आणता येईल का तेही विचार.

दुसरं काम शिकवणीचं. निकाल लागला की दहावीत एकदोन विषय राहिलेली मुलं पूरक परीक्षेच्या तयारीला लागतात, आणि क्लासवाले नेमके तेव्हा नव्या वर्षाच्या प्रवेशांत गुंतलेले असतात. बारावी कॉमर्सला गेलेल्यांना नामुं, म्हणजे हिशोबलेखन, सुरुवातीपासून समजावून सांगणारं कोणीतरी हवं असतं. तू शिकवण्या तुमच्याच घरी घे. आई आतल्या खोलीत असेल, तिच्यावर लक्ष राहील, आणि अनोळखी घरी जाण्याचा प्रश्नच येणार नाही. फी महिन्यावर न ठरवता परीक्षेपर्यंतची एकरकमी सांग आणि अर्धी आधी घे.

हिशोब करून बघ. दोन विद्यार्थी, प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे ६,०००. कार्यालयात तासाला ८० रुपये मिळाले तर रोजचे तीन तास, वीस दिवस, म्हणजे ४,८००. मिळून १०,८००. सकाळ आईची, दुपारची औषधं झाल्यावर शिकवणी, मग कार्यालय. तीन-साडेतीन तासांपुरती शेजारची कोणी आईजवळ बसेल का, तेवढं मात्र आधी पक्कं कर.

एखाद्या नातेवाइकाचंच कार्यालय निघालं तर तिथे दर आणखी आधी विचार. परक्या माणसाने पैसे थकवले तर निदान पुन्हा मागता येतात. मामांनी थकवले तर आईसुद्धा म्हणेल, जाऊ दे.

प्रश्न : मी फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकतो. घर सांगलीला, पण या सुट्टीत बडोद्यातच राहून कमवायचं ठरवलंय. मित्र म्हणतात गणपतीच्या कारखान्यात जा. एका सिनिअरचं म्हणणं असं की साच्यातलं काम करून हात बिघडतो. काय करू? — एक विद्यार्थी, निझामपुरा

उत्तर : कारखान्यात जा. हात बिघडत नाही, उलट वेग येतो, आणि शाडूच्या मातीशी ओळख होते, ती वर्गातल्या एका-दोन प्रकल्पांत होत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं, त्यात कला आणि कारागिरी एकाच छपराखाली शिकवली जायची. दादासाहेब फाळके तिथे शिकले. कारागिरांच्या शेजारी बसण्यात कमीपणा मानायची या गावाची रीतच नाही.

आता कामाचं बघ. बडोद्याचा गणेशोत्सव मोठा, सार्वजनिक मंडळं भरपूर, आणि घरगुती मूर्तींत शाडूची मागणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना विरोध केला, तेव्हापासून विचारणाही शाडूची जास्त होते. शाडू वाळायला वेळ घेतो. पावसाळा लागला की मूर्ती आतून ओली राहते, म्हणून कारखानदार मे महिन्यात जमेल तेवढा माल काढून ठेवतात. ऊन फार कडक असलं तर तीच मूर्ती तडकते, म्हणून ती सावलीत, ओल्या फडक्याखाली हळूहळू वाळवावी लागते. कधी फडकं काढायचं, कुठे तडा जाणार आणि तो कसा भरायचा, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

सुरुवातीला तुला माती मळायला, साचा भरायला, हात आणि सोंड जोडायला, ओल्या ब्रशने सांधे पुसायला लावतील. मग घासकाम. रंग जुलैनंतर. डोळ्यांची आखणी तर मुख्य कारागीर कोणाला देतच नाहीत, आणि ते बरोबर आहे, कारण मूर्ती विकली जाते ती नजरेवर. तू मागू नकोस, शेजारी बसून बघ. घासकामात धूळ उडते, विशेषतः प्लास्टरची, तेव्हा मास्क स्वतःचा घेऊन जा. रुमाल पुरत नाही.

मजुरी दोन प्रकारे मिळते, रोजावर किंवा नगावर. नवख्याने पहिले आठ-दहा दिवस रोजावर राहावं आणि मग नगावर यावं. नगावर येताना दोन गोष्टी आधी बोल. तडकलेली मूर्ती कोणाच्या खात्यात? आणि पैसे दर शनिवारी मिळणार की गणपती झाल्यावर? काही ठिकाणी सगळा हिशोब उत्सवानंतर होतो. कारखानदाराचे पैसे तेव्हाच सुटतात, त्याची अडचण खरी आहे, पण तुझी खानावळ दर महिन्याला पैसे मागणार. निम्मे तरी आठवड्याला मिळायला हवेत.

जोडीला मुलांची शाडूची शिबिरं घे. कारेलीबागेत किंवा वाघोडिया रोडला एखाद्या सोसायटीच्या सभागृहात, सकाळी ८ ते १०. त्यानंतर उन्हात मुलांना कोणी पाठवणार नाही. मातीचा खर्च फीमध्येच धर आणि दहा मुलांच्या वर घेऊ नकोस, नाहीतर तू शिकवत नाहीस, नुसती मुलं सांभाळतोस. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'आपल्याच मुलांसाठी आहे, फुकट घ्या' असं सुचवलं तर हसून नाही म्हण. मला हे सुचवणारे भेटले आहेत, आणि नाही म्हटल्यावर तेच फी गोळा करून देतात.

प्रश्न : मावशी, हे कोणाला सांगू कळत नाहीये. घरून डेटा एंट्रीची जाहिरात बघून फोन केला. त्यांनी आधार कार्ड, फोटो घेतला, मोबाइलवर करारावर सही घेतली. पाच दिवसांत बरेच फॉर्म भरायचे होते, ते मी रात्रभर जागून भरले. आता म्हणतात चुका जास्त आहेत, काम नापास, सहा हजार रुपये दंड भर. एका वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय, त्यात कोर्ट केस आणि अटक असं लिहिलंय. घरी माहीत नाही. — एक विद्यार्थिनी, फतेगंज

उत्तर : पहिली गोष्ट, एक रुपयासुद्धा भरू नकोस. दुसरी, आज रात्री जेवणानंतर आईवडिलांना सांग. ही माणसं तुझ्या एकटेपणावर जगतात. घरात दुसऱ्या कोणाला कळलं की त्यांची निम्मी ताकद संपते.

हा जुना, ठरीव सापळा आहे. फॉर्म मुद्दामच असे दिलेले असतात की त्यात चुका निघणारच, आणि चुका मोजणारे तेच. त्यांना तुझं काम कधीच नको होतं, दंडच हवा होता. तू हलगर्जी केलीस म्हणून हे झालं असं मनात आणू नकोस.

आता नोटिशीचं. वकिलाची नोटीस म्हणजे एका पक्षाने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र. ते न्यायालयाचा आदेश नाही. समन्स न्यायालय काढतं, त्याला खटल्याचा क्रमांक असतो आणि तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कराराप्रमाणे काम झालं नाही हा दिवाणी वाद आहे, त्यात पोलीस येऊन अटक करत नाहीत. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणं लागत नाही, न्यायालय वाजवी भरपाईच पाहतं. आणि तुझं वय १८ पूर्ण झालेलं नसेल, पहिल्या वर्षाला असशील तर नसेलही, तर त्या कराराला कायद्यात काही अर्थच नाही. अल्पवयीन व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो.

करायचं ते असं. जाहिरात, करार, सगळे संदेश, फोन नंबर, नोटीस, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून वडिलांच्या किंवा भावाच्या फोनवरही ठेव. घाबरून काही पुसू नकोस, तोच पुरावा आहे. त्यांना एकच संदेश पाठव, 'मी तक्रार करत आहे', आणि त्यानंतर फोन उचलू नकोस. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदव. थोडेही पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, १९३० वर, फोन कर, तिथे वेळेला फार महत्त्व आहे, जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम मधेच अडकवता येण्याची शक्यता जास्त.

तुझं आधार त्यांच्याकडे गेलंय, म्हणून आणखी दोन कामं. आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक कर. आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघ, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतो. काही महिन्यांनी पतअहवालही (क्रेडिट रिपोर्ट) पाहा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, त्यात तुझ्या नावावर कोणी कर्ज काढलं असेल तर दिसेल.

मनाला धीर हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. त्यांची मदतवाहिनी १५१००. तिथल्या वकिलाने ती नोटीस एकदा वाचून दाखवली की तुला झोप लागेल.

आणि इतर मुलींसाठी, काम देणारा कधीच पैसे मागत नाही. नोंदणी फी, ओळखपत्राची फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, दंड, नाव काहीही असो. पैसे तुमच्याकडून त्याच्याकडे जायला लागले की ते काम नव्हेच.

प्रश्न : कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटलेला एक जण म्हणतो, तुझं बँक खातं महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो, तुला काहीच करायचं नाही. घ्यावं का? — एक विद्यार्थी, प्रतापगंज

उत्तर : नाही. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच विद्यार्थ्यांची खाती लागतात. पैसे ज्या खात्यावर आले ते खातं तुझ्या नावाचं, म्हणून पोलीस पहिल्यांदा तुझ्या दारात येतात, आणि खातं गोठवलं जातं त्यात तुझी शिष्यवृत्तीही अडकते. एटीएम कार्ड किंवा सिम आधीच दिलं असशील तर आजच बँकेत जाऊन कार्ड बंद कर आणि लेखी कळव. उद्यावर टाकू नकोस.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरपोच पार्सल पोचवण्याचं काम करतो म्हणतो. मी बँकेतून निवृत्त झालोय, घरात तशी अडचण नाही. हिला वाटतं लोक काय म्हणतील. मला अपघाताची भीती वाटते. — एक पालक, रावपुरा

उत्तर : वहिनींना माझा निरोप सांगा, लोक आठवडाभर बोलतात. भर दुपारी आपल्या दारी औषध किंवा जेवण घेऊन येणारा मुलगा कोणाचा तरी मुलगाच असतो. या कामात कमीपणा नाही, हे मी मनापासून लिहिते आहे.

तुमची भीती मात्र रास्त आहे, म्हणून मुलाशी बसून तुम्ही बँकेत करत होता तसा हिशोब करा. ॲपवर दिसतो तो आकडा त्याची कमाई नव्हे. समजा दिवसाला ८० किलोमीटर गाडी फिरली, गाडी लिटरला ४५ देते, पेट्रोल ९५ रुपये धरलं, तर रोजचे १७० रुपये पेट्रोलमध्येच गेले. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग वेगळं. ऑर्डरची वाट बघत रस्त्यावर उभं राहिलेला वेळही कामाचाच वेळ आहे. हे सगळं वजा करून तासाला किती सुटतात ते पंधरा दिवस वहीत लिहायला सांगा. आकडा त्याला स्वतःला पटला तर करू द्या, नाहीतर तो आपणच सोडेल.

गाडी तुमच्या नावावर असेल तर विमा कंपनीला आधी विचारा. घरगुती वापराच्या पॉलिसीत भाड्याच्या किंवा धंद्याच्या वापराला संरक्षण नसू शकतं, आणि हे अपघातानंतर कळून उपयोग नाही. कंपनी अपघात विमा देते का, तो कधीपासून लागू होतो, याचा कागद मुलाने तुम्हाला दाखवायलाच हवा.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ ला जातो. सकाळी ११ नंतर संध्याकाळी ५ पर्यंत त्याने रस्त्यावर राहू नये. संध्याकाळचे चार तास पुरे. 'आणखी इतक्या ऑर्डर केल्या तर बोनस' असं ॲप रात्री उशिरा दाखवतं, अपघात त्याच घाईत होतात. बोनसवर पाणी सोडायचं हे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या.

आणि घरात अडचण नसेल तर त्याला हेही विचारा की मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ड्रॉइंगचं काम मिळतं का ते पाहिलंस का. मेकॅनिकल असेल आणि ऑटोकॅड येत असेल तर छोट्या कारखान्यांना जुनी कागदी ड्रॉइंग संगणकावर उतरवून हवी असतात. पैसे कदाचित कमी मिळतील, पण बेंडिंग, वेल्डिंग डोळ्यांनी बघेल. निवड मात्र त्याची असू द्या.

प्रश्न : आमच्या मामांची देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. पेट्या मागवून इथे विकाव्यात असं मनात आहे. — दोघी मैत्रिणी, वाडी

उत्तर : कल्पना छान आहे, बडोद्यात हापूस खाणारी मराठी घरं भरपूर आणि खात्रीचा आंबा मिळण्याची मारामार. इतर ठिकाणचं फळ रत्नागिरी-देवगडच्या नावाने विकलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामांची बाग हीच तुमची खरी पुंजी.

पण नुसत्या उत्साहावर पेट्या मागवू नका. आधी ऑर्डर, अर्धे पैसे आगाऊ, मग मामांना फोन. डझनामागे एखादं फळ डागी निघतंच, ते बदलून द्यायची तयारी दरातच धरा. आढी घालायला हवेशीर खोली आणि गवत हवं, बंद फ्लॅटमध्ये फळ सडतं. हापूस मेअखेर, पहिल्या पावसाच्या आत आटोपतो. तोवर तलाला-गीरचा केसर बाजारात भरात असतो आणि तो स्वस्त पडतो, त्यामुळे उशिरा आलेल्या पेट्या अंगावर पडतात. शेवटची गाडी मे महिन्याच्या मध्याच्या पुढे नको.

मामांनाही भाव विचारून घ्या आणि प्रत्येक गाडीचे पैसे लगेच चुकते करा. 'घरचेच आंबे' म्हणून हिशोब लांबवला तर पुढच्या वर्षी बागेत जायला संकोच वाटेल. सोबत आईच्या हातच्या कुरडया, सांडगे, लोणचं ठेवायचा विचार असेल तर एफएसएसएआयकडे, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, खाद्यपदार्थांची नोंदणी करा. छोट्या घरगुती धंद्याला मूलभूत नोंदणी पुरते, अर्ज ऑनलाइन होतो, आणि तो १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो.

प्रश्न : एम.ए. इतिहास करते आहे, मोडी बऱ्यापैकी वाचता येते. याचे पैसे कोणी देईल का? — एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर : देतील, आणि या पत्राने मला फार आनंद झाला. गायकवाडी राज्याचा कारभार मोडीत चालायचा, त्यामुळे बडोद्यातल्या कितीतरी जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडी कागद आहेत. इनामाचे, देवस्थानाचे, वाटणीचे, कर्जाचे. घरातल्या कोणालाच ते वाचता येत नाहीत. माझ्या कार्यालयात अशी विचारणा होते आणि नेमका वाचणारा माणूस मिळत नाही.

दर पानावर ठरव, पण कागद बघितल्याशिवाय आकडा सांगू नकोस. सरकारी कारकुनाचं वळणदार अक्षर वेगळं आणि घाईत खरडलेली खाजगी चिठ्ठी वेगळी. मी तीन गोष्टी बनवायला सांगते, मोडीचं ओळीला ओळ देवनागरी लिप्यंतर, आजच्या मराठीत अर्थ, आणि न लागलेल्या शब्दांची यादी. ती यादी देताना मुली कचरतात. उलट तिच्यामुळेच बाकीच्या वाचनावर विश्वास बसतो. जमिनीच्या वादातला कागद असेल तर कुठल्याही बाजूला सोयीचा शब्द लावायचा नाही, आणि मूळ कागद घरी न्यायचा नाही. त्यांच्यासमोर फोटो काढून घे. कोर्टात द्यायचं प्रमाणित भाषांतर ही वेगळी गोष्ट, ती तू आत्ता अंगावर घेऊ नकोस.

तारखांचं गणित पक्कं कर. फसली, शुहूर आणि शक या जुन्या कालगणनांत गल्लत झाली तर आजोबांची वाटणी पणजोबांच्या जन्माआधी दिसते. हात बसेपर्यंत माझ्याकडे येऊन बस, कार्यालयात जंत्र्या, म्हणजे तारखा जुळवायची कोष्टकं, आहेत. पहिल्या दिवसापासून पानाचे पैसे मिळतील.

प्रश्न : एका संस्थेसाठी व्हिडिओंची मराठी सबटायटल्स केली. त्यांनी दहा टक्के कापूनच पैसे दिले. ते गेले का? — एक विद्यार्थी, अलकापुरी

उत्तर : गेले नाहीत, ते तुझ्या पॅनवर जमा असले पाहिजेत. व्यावसायिक कामाच्या मोबदल्यावर दहा टक्के कर आधीच कापतात, पॅन दिला नसेल तर वीस. आयकर पोर्टलवर तुझ्या नावाने खातं उघड आणि कापलेली रक्कम तिथे दिसते का ते बघ. संस्था तिमाहीचं विवरण भरते, त्यानंतरच ती दिसते, तेव्हा थोडं थांब. तरीही दिसली नाही तर संस्थेला लेखी विचार, पॅनचा एखादा आकडा चुकलेला असू शकतो.

नव्या करप्रणालीत वर्षाला ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. तुझं सगळं उत्पन्न त्याच्या आतच असेल, तर विवरणपत्र भरलंस की कापलेली सगळी रक्कम परत येते. ती ज्या खात्यात हवी ते खातं पॅनशी जोडलेलं आणि पोर्टलवर पडताळलेलं असू दे. पुढच्या वेळी दर ठरवताना 'कर कापून की कर धरून?' एवढं आधी विचार आणि उत्तर ईमेलवर घे.